आज्ञा हाही मजकूरच

गेल्या मे महिन्यात मी नंदुरबारला गेले होते. तिथले माझे एक शिक्षक-मित्र, ज्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणतो, संगणकापुढे बसून डोळे चोळत होते. त्यांच्याकडे १९९६ साली काही शिक्षकांनी मिळून केलेल्या एका पाहणीची वही होती. कोणत्या शाळेत विज्ञानाची खोली आहे, तिथे पाणी येते का, अशी माहिती त्या वहीत होती. गुरुजींनी ती सगळी टाइप केली होती. आता त्यांतल्या ज्या शाळा अजून चालू आहेत, त्यांना प्रयोगसाहित्याच्या पेट्या पाठवायच्या होत्या, आणि त्यासाठी पत्ते नीट करायचे होते.

यादी साधारण साडेतीनशे ओळींची. शाळांची नावे बाजूला ठेवून नुसते क्रमांक घातले, तर ती अशी दिसत होती :

शाळा ७, ता. नवापुर, जि. धुळे, पाणीपुरवठा आहे
शाळा ८, ता. साक्री, जि. धुळे, पाणीपुरवठा नाही
शाळा ९, ता. धडगाव, जि. धुळे, पाणीपुरवठा नाही
शाळा १०, ता. नवापूर, जि. धुळे, पाणीपुरवठा आहे

अडचण तुमच्या लक्षात आली असेलच. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके नव्या जिल्ह्यात गेले. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा जुन्याच जिल्ह्यात राहिले. म्हणजे काही ओळींत ‘जि. धुळे’ बदलायचे, काही ओळींत मुळीच बदलायचे नाही. शिवाय कुठे ‘नवापुर’ तर कुठे ‘नवापूर’. अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगावला, म्हणून कुठे ‘ता. अक्राणी’ तर कुठे ‘ता. धडगाव’.

“ताई, नव्वदाव्या ओळीपर्यंत आलो,” गुरुजी म्हणाले, “आणि पहिल्या दहा ओळींत मी काय ठरवलं होतं तेच आता आठवत नाही.”

हाताने केलेल्या कामाची खरी अडचण या एका वाक्यात आहे. श्रम होतात, वेळ जातो, हे तर आहेच. पण काम कोणत्या नियमाने केले, याची खूण मागे उरत नाही. नियम डोक्यात असतो, आणि दमल्यावर डोके तो हळूच बदलते.

कच्ची पाटी आणि खण

आम्ही व्हिम नावाचा मजकूर-संपादक उघडला. हा फुकट मिळतो, जुन्यापुराण्या संगणकावरही चालतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

संपादकात फाइल उघडली की तिची एक प्रत संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत येते. या प्रतीला बफर म्हणतात. आपण तिला कच्ची पाटी म्हणू. जे काही खोडायचे-लिहायचे ते या पाटीवर होते. ‘साठव’ असे सांगेपर्यंत डिस्कवरच्या मूळ फाइलला धक्का लागत नाही.

या मोठ्या पाटीखेरीज संपादकाजवळ आणखी काही छोटे खण असतात. इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांची नावे असलेले हे सव्वीस खण. मजकुराचा एखादा तुकडा उचलून ‘ए’ नावाच्या खणात ठेवायचा आणि हवा तिथे परत काढायचा, हा त्यांचा रोजचा उपयोग. व्हिममध्ये यांना रजिस्टर म्हणतात. ज्या ‘व्हीआय’ संपादकावरून व्हिम बेतला, त्यात त्यांनाही बफरच म्हणत.

आता गंमत पुढे आहे. ‘क्यू’ आणि मग ‘ए’ ही कळ दाबली की त्यानंतर आपण जी जी कळ दाबू ती ‘ए’ खणात नोंदली जाते. पुन्हा ‘क्यू’ दाबले की नोंद थांबते. मग ‘@’ आणि ‘ए’ दाबले, की संपादक त्या खणातल्या कळा एकामागून एक स्वतःच दाबतो. त्याआधी ५० हा आकडा दिला तर तेच काम पन्नास वेळा. मधेच एखादी कळ चालेनाशी झाली, उदाहरणार्थ शेवटच्या ओळीवरून आणखी खाली जायला सांगितले, तर तो तिथे थांबतो.

गुरुजींना हे फार आवडले. ते म्हणाले, “म्हणजे एकदा करून दाखवायचं, मग तो गिरवतो.” बरोबर. पण मी त्यांना आणखी एक गोष्ट करून दाखवली. ‘ए’ खणात जे काही नोंदले गेले होते, ते मी नेहमीच्या मजकुरासारखे पाटीवर उतरवून घेतले. पडद्यावर काही अक्षरे आणि चिन्हे उमटली. आपण दाबलेल्या कळाच त्या! त्यांतले एक अक्षर मी बदलले, ती ओळ उचलून पुन्हा ‘ए’ खणात ठेवली आणि चालवली. संपादक बदललेल्या रीतीने वागला.

खण एकच. त्यात ठेवलेली अक्षरे ‘उतरव’ म्हटले तर मजकूर होतात, ‘चालव’ म्हटले तर आज्ञा होतात. अक्षरांत काहीच फरक नसतो. फरक आपण त्यांचे काय करायला सांगतो यात असतो.

नऊ ओळींचे काम

आज्ञा हाही मजकूरच असेल, तर हात हलवून नोंद तरी कशाला करायची? सरळ लिहूनच काढू. आम्ही एक कोरी पाटी उघडली आणि नऊ ओळी लिहिल्या. व्हिमच्या आज्ञा रोमन अक्षरांत आणि तिरप्या रेघांनी लिहाव्या लागतात. पण त्यांचा अर्थ साध्या मराठीत असा :

१. सर्व ओळींत ‘पुर’च्या जागी ‘पूर’ लिही.
२. सर्व ओळींत ‘ता. धडगाव’च्या जागी ‘ता. अक्राणी’ लिही.
३. सर्व ओळींत ‘अक्कलकुआ’च्या जागी ‘अक्कलकुवा’ लिही.
४. ज्या ओळीत ‘ता. नंदुरबार’ आहे, तिथे ‘जि. धुळे’च्या जागी ‘जि. नंदुरबार’ लिही.
५ ते ९. तेच काम नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांसाठी.

या नऊ ओळी उचलून ‘ए’ खणात ठेवल्या. मग यादीच्या पाटीवर येऊन विसर्गासारखे दोन टिंब, ‘@’ आणि ‘ए’ अशा कळा दाबल्या. या रीतीने खणातली प्रत्येक ओळ स्वतंत्र आज्ञा म्हणून चालते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच साडेतीनशे ओळी बदलल्या. (व्हिमच्या २०२२ साली आलेल्या ९.० या आवृत्तीपासून खणाचीही गरज उरलेली नाही. पाटीवर लिहिलेल्या आज्ञा तिथल्या तिथे चालवता येतात.)

गुरुजींनी टाळी वाजवली. मी मात्र पहिली ओळ पाहूनच गप्प झाले. तिथे लिहिले होते : ‘ता. नवापूर, जि. नंदुरबार, पाणीपूरवठा आहे’.

चूक कुणाची?

गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा शुद्धलेखनाचा नियम आपण मुलांना शिकवतो. नागपूर, सोलापूर, तसे नवापूर आणि शिरपूर. मी तोच नियम आज्ञेत लिहायला गेले, पण ‘गावाच्या नावातला’ हे शब्द माझ्या डोक्यातच राहिले. कागदावर उतरले ते एवढेच, की ‘पुर’ दिसला की ‘पूर’ कर. पुरवठ्यातला ‘पुर’ वेगळा, हे संपादकाला कसे कळावे? त्याच्यापुढे फक्त अक्षरे असतात. त्याने माझी आज्ञा तंतोतंत पाळली, आणि साडेतीनशेच्या साडेतीनशे ओळी बिघडवल्या.

पण आता पहा. हाताने काम करताना अशी चूक झाली असती, तर ती कुठे झाली आणि कुठे नाही, हे शोधायला सगळी यादी पुन्हा वाचावी लागली असती. इथे चूक एकाच जागी होती : नऊ ओळींतल्या पहिल्या ओळीत. आम्ही पाटीवरचे बदल मागे घेतले आणि ती ओळ दुरुस्त केली. यादीत तालुक्याच्या नावापुढे नेहमी स्वल्पविराम होता. म्हणून ‘पुर’ऐवजी ‘पुर आणि लगेच स्वल्पविराम’ शोधायला सांगितले. ‘नवापुर,’ सापडला, ‘शिरपुर,’ सापडला; ‘पाणीपुरवठा’ सुटला. पुन्हा चालवले. काम झाले.

आता एक प्रश्न तुम्हाला. पहिली आज्ञा शेवटी टाकली असती तर काय झाले असते? सातव्या शाळेची ओळ घेऊन मनातल्या मनात करून पहा. पाचवी आज्ञा ‘ता. नवापूर’ शोधते. त्या ओळीत अजून ऱ्हस्व ‘नवापुर’च आहे, म्हणून ती ओळ वगळली जाते. नंतर ‘पुर’चा ‘पूर’ होतो. नाव शुद्ध होते, पण जिल्हा धुळेच राहतो. दहाव्या शाळेचा जिल्हा मात्र बदलतो. त्याच आज्ञा, क्रम वेगळा, आणि पेटी वेगळ्या जिल्ह्याच्या पत्त्यावर! म्हणून लेखनातले भेद आधी मिटवायचे आणि मग त्या लेखनावर अवलंबून असलेले बदल करायचे.

जुने टंक आणि चुकलेली वेलांटी

अशीच एक चूक तुम्ही नक्की पाहिली असेल. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत म्हणजे फाँटांत साठवला जाई. त्यांपैकी अनेकांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. ‘कि’मध्ये वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी आणि मग ‘क’. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे आहे : आधी ‘क’, मग वेलांटी. जुना मजकूर नव्यात आणायचा तर आज्ञा सोपी वाटते : ‘वेलांटी आणि तिच्या पुढचे अक्षर यांची अदलाबदल कर.’

‘किरण’, ‘दिवस’, ‘पिंपळ’ यांवर ही आज्ञा नीट चालते. ‘स्थिती’वर मात्र फसते. तिथे वेलांटीच्या पुढे आधी अर्धा ‘स’ आणि मग ‘थ’ असतो. आज्ञा वेलांटीला अर्ध्या ‘स’पाशीच सोडते, आणि ‘सि्थती’ असे काहीतरी होऊन बसते. योग्य आज्ञा अशी हवी : ‘वेलांटीपुढची सगळी अर्धी अक्षरे ओलांड, पहिल्या पूर्ण अक्षरानंतर तिला ठेव.’ जोडाक्षर म्हणजे काय, हे आज्ञा लिहिणाऱ्याला नेमके सांगता आले पाहिजे. आपल्याला नियम खरोखर कळला आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

कल्पना किती जुनी?

संपादकाच्या खणातला मजकूर आज्ञा म्हणून चालवणे ही आजची क्लृप्ती नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत डॅन मर्फी यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘टेको’ नावाचा संपादक लिहिला. त्यात ‘क्यू-रजिस्टर’ नावाचे खण होते आणि त्यांतला मजकूर आज्ञा म्हणून चालवता येई. लोक आपल्या उपयोगाच्या आज्ञांचे संच लिहून एकमेकांना देऊ लागले. अशाच संचांतून १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि सहकाऱ्यांचा ‘ईमॅक्स’ हा संपादक उभा राहिला. त्याचे नावच ‘संपादनाचे मॅक्रो’ या अर्थाच्या शब्दांवरून आले. त्याच सुमारास बिल जॉय यांनी बर्कलेमध्ये ‘व्हीआय’ लिहिला. ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम १९९१ साली बाहेर पडला.

पण मूळ याहून खोल आहे. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या प्रसिद्ध अहवालात असे यंत्र मांडले होते, की ज्यात आकडे आणि त्या आकड्यांचे काय करायचे याच्या सूचना एकाच स्मृतीत राहतील. असा साठवलेला कार्यक्रम २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरच्या एका छोट्या प्रायोगिक यंत्रावर प्रथम चालला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली कामाला लागलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक याच घराण्यातला. त्याआधी एनिअॅकसारख्या यंत्राला नवे काम सांगायचे तर तारा काढून पुन्हा जोडाव्या लागत. सूचना स्मृतीत आल्यावर नवे काम म्हणजे फक्त नवी नोंद झाली. गुरुजींच्या नऊ ओळी या मोठ्या कल्पनेचेच छोटे रूप आहेत.

परक्याच्या आज्ञा

मजकूर आज्ञा होऊ शकतो, यात धोकाही आहे. दुसऱ्याने दिलेला मजकूर आपण वाचायला उघडावा, आणि त्यात लपलेली आज्ञा आपल्या संगणकावर चालावी! १९९५ साली वर्डच्या फाइलींमधून ‘कन्सेप्ट’ नावाचा मॅक्रो-व्हायरस पसरला, १९९९ साली ‘मेलिसा’. व्हिममध्येही फाइलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी संपादकासाठी सूचनेची एक ओळ लिहिण्याची सोय आहे. त्या सोयीतली एक त्रुटी २०१९ साली उघड झाली : खोडसाळपणे बनवलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातली आज्ञा चालू शकत होती. ती लगेच दुरुस्त केली गेली. आपण लक्षात ठेवायचे ते एवढेच, की ‘मॅक्रो चालू करू का?’ असे संगणक विचारतो तेव्हा तो खरे म्हणजे विचारत असतो, ‘या माणसाच्या आज्ञा पाळू का?’ माणूस ओळखीचा नसेल आणि आज्ञा वाचलेल्या नसतील, तर उत्तर ‘नाही’.

वर्गात करून पहा

यासाठी संगणक लागत नाही. फळ्याचे दोन भाग करा. डाव्या भागात वर दिलेल्या चार ओळी लिहा, उजव्या भागात मुलांनीच तयार केलेल्या चार-पाच आज्ञा. एका मुलीला ‘संपादक’ करा. तिला एकच नियम : आज्ञेत लिहिले तेवढेच करायचे, स्वतःचे शहाणपण चालवायचे नाही. बाकीच्यांनी अगोदर भाकीत करायचे, की शेवटी फळ्यावर काय असेल. मग आज्ञांचा क्रम बदला आणि पुन्हा भाकीत करायला सांगा. शेवटी एक आज्ञा अशी द्या, की जी उजव्या बाजूच्या एखाद्या आज्ञेतलाच शब्द बदलते. मुले थबकतील. तिथे चर्चा सोडून द्या. मुलेच ती पुढे नेतील.

आज्ञा लिहिता न येणारी जागा

संध्याकाळी गुरुजींनी आणखी एक फर्माईश केली. यादीत शिक्षकांची आणि मदतनीस मुलांची आडनावेही होती. कुठे ‘गावित’, कुठे ‘गावीत’; कुठे ‘वसावे’, कुठे ‘वसावा’. “ताई, हेही एका ओळीत सरळ करून टाकू.”

आज्ञा लिहायला अर्धे मिनिटही लागले नसते. पण इथे मी हात मागे घेतला. नवापूरचा ‘पू’ दीर्घ लिहायचा हे सगळ्यांचे ठरलेले आहे. आडनावाचे तसे नाही. वसावे आणि वसावा ही दोन्ही आडनावे या भागात आहेत. एक दुसऱ्याची चूक नव्हे. गावित की गावीत, हे त्या घराने ठरवायचे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि ओळखपत्र यांतली नावे एकमेकांशी ताडून पाहिली जाऊ लागली आहेत. अशा वेळी आपण ‘सुधारलेली’ एक वेलांटी एखाद्या मुलीला फेऱ्या मारायला लावू शकते. आज्ञा तीनशे घरांची आडनावे क्षणात बदलेल, आणि आपण कुणाला विचारले नव्हते हे कुठेही नोंदले जाणार नाही.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. १९९६ च्या वहीवरून टाइप केलेली मूळ यादी जशी होती तशी राहील, कारण त्या वर्षी तो जिल्हा धुळेच होता. पत्त्यांसाठी वेगळी प्रत, आणि तिच्या शेजारी नऊ ओळींची आज्ञांची फाइल. पुढच्या माणसाला काय बदलले आणि कसे, ते वाचता यावे म्हणून. आणि आडनावांसाठी आज्ञा नाही. ती विचारून लिहायची.

गुरुजींनी आज्ञांची फाइल छापून वहीच्या शेवटच्या पानाला डकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आडनावांची यादी खिशात घातली आणि गाडी काढली.